तार येत नाही

गॅसची तिन्ही बटणं माझ्या पर्समध्ये असतात,
सुटे पैसे आणि औषधांच्या चिठ्ठीशेजारी.
परवा न्यायमंदिरापाशी रिक्षावाल्याला
दहाच्या नाण्याऐवजी त्यातलं एक दिलं मी.
तो म्हणाला, "बेन, आ शुं छे?"
काय सांगणार.

मार्चमध्ये मामंजींनी दूध तापत ठेवलं
आणि वाढायला निघून गेले
चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मुंजीत.
पातेलं काळं झालं. पडदा अर्धा गेला.
तेव्हापासून आमची शेगडी बोळकी.

तरी अकरा वाजले की ते ओट्याशी येतात,
पंचा कमरेला खोचतात,
आणि जिथं बटण होतं तिथं
अंगठा आणि बोट हवेत फिरवतात.
एकदा. मग पुन्हा एकदा.
दांडिया बाजारात चारशे पानांची पंगत उठवणारा माणूस.

म्हणून आज रविवार बघून म्हटलं,
मामंजी, लाडू करायचेत. बिनआचेचे.
"बिनआचेचं फक्त पंचामृत असतं."
हे चॉकलेटचे आहेत.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं वरपक्षानं ऐन वेळी
शंभर पानं वाढवून सांगितली असावीत.
"सामान काढ."

काढलं. चॉकलेटची लादी, पीनट बटरची बरणी,
कॉर्नफ्लेक्सचा खोका, चमचाभर लोणी.
बरणीत बोट घालून त्यांनी चाटलं, डोळे मिटले.
"सिंग भरूचची आहे.
भाजलीय बरी, पण सालं काढताना
आळस केलाय कुणीतरी."
बरणीवर भरूच कुठंच लिहिलेलं नव्हतं.
मी वाद घातला नाही.

मे महिना. बडोद्याचं एक वाजताचं ऊन.
स्टीलच्या डब्यात चॉकलेट, त्यावर लोणी,
वर काचेचं झाकण,
डबा गच्चीत, पाण्याच्या टाकीजवळ.
"आच किती ठेवलीस?"
मी वर बोट दाखवलं.
कपाळाला हात लावून ते बराच वेळ बघत राहिले
आणि म्हणाले,
"जरा मंद कर."

वीस मिनिटांत लादीचे कोपरे गेले,
मग तिच्यावरची अक्षरं, मग सगळंच.
त्यांनी थेंब बोटावर घेतला,
अंगठा टेकवला, उचलला,
पुन्हा टेकवला.
"तार येत नाही, बाई."
याला तार नसते, मामंजी.
"तार नाही असा पाक मी पाहिला नाही."
मग आवाज खाली आणून, मला एकटीला,
"निदान एकतारी?"

मी बरणी उपडी केली, फ्लेक्स ओतले, ढवळलं.
मला वड्या थापायच्या होत्या,
ताटात, चौकोनी, सुरीनं कापायच्या.
पण त्यांचे हात परातीत कधीच गेले होते.
तळव्यावर घास, तीन वळसे, अंगठ्याचा एक दाब.
फ्लेक्स करकरत मोडत होते.
मी गुपचूप काटा आणला, तीन लाडू ठेवून पाहिले.
बावीस ग्रॅम.
बावीस.
बावीस.

छत्तीस झाले. फ्रिजमध्ये ठेवले.
संध्याकाळी निषादनं येता येता एक तोंडात टाकला,
"कुठल्या दुकानातले गं?"
मामंजी पेपर वाचत होते. पान उलटलं नाही त्यांनी,
पण पंचा खांद्यावर नीट घेतला.

रात्री दोनला स्वयंपाकघरात उजेड.
फ्रिज उघडा, समोर ते, बोटांनी मोजतायत.
"रघुवीर," मला म्हणाले, "कमी पडतील रे."
रघुवीर त्यांच्या हाताखालचा पोरगा.
जाऊन सोळा वर्षं झाली त्याला.
किती पानं आहेत? मी विचारलं.
"चारशे."
मग अर्धा अर्धा वाढू. आग्रह नको करायला.
ते रागानंच बघत राहिले माझ्याकडे.
एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला,
त्यावर दुसरा.
"आग्रहाशिवाय पंगत असते होय?"

दोन्ही खाल्ले, उभ्यानंच.
फ्रिज उघडाच होता,
पायांवर गार येत होतं.