चार पॉइंट

अन्नपूर्णा रोडवरच्या गारेगार दुकानात
शरयू ट्रॉलीचा दांडा धरून उभी,
मी पाकिटं उलटी करतो.
पुढची बाजू आम्ही सोडून दिली आहे.
पुढे गव्हाची ओंबी असते, मधाचा ओघळ,
हसणारं एक पोर,
आणि 'वेगळी साखर नाही' याच्या डोक्यावर
एक बारकी चांदणी.
चांदणीचा खुलासा मागे, खाली,
पाकीट चिकटवतात त्या घडीच्या आत.

"मोठ्याने वाचा," ती म्हणते.
तिच्या डाव्या डोळ्यात धुकं,
उजव्यात काळे धागे तरंगतात.
डॉक्टर म्हणाले, साखरेनं केलंय.
तिनं विचारलं होतं,
"दोन वर्षं चहा फिका पितेय मी. मग आली कुठून?"

कुठून.
मी वाचतो: मैदा, लिक्विड ग्लुकोज, पामतेल,
इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज.
भाडं बुडवलेल्या बिऱ्हाडकरूसारखी
साखर मोहल्ला बदलते, आडनाव बदलते,
दारावर नवी पाटी लावते.
चार घरांत थोडी थोडी राहिली
की यादीत पहिला नंबर मैद्याचा.
शरयू बोटं मिटत जाते. चार.
"ठेवा परत."

जेल रोडच्या छापखान्यात बावीस वर्षं
मी खिळे जुळवले. खिळे भंगारात गेले,
मग कॉम्प्युटरवर बसलो.
लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, गणपतीच्या पावत्या,
आणि शेवेच्या, बिस्किटांच्या पाकिटांची
मागची बाजू.
गेंदालाल शेठ खांद्यावरून वाकून बघायचे,
"भिया, और छोटा करो."
सहाचे पाच केले.
"और."
पाचाचे चार.
मी म्हणालो, आता मुंगीलाही चष्मा लागेल.
शेठ हसले, "छापने का नियम है,
पढ़वाने का थोड़ी है!"
मीही हसलो.
हसलो, हे खरं आहे.
वर नमुन्याचे पुडे मिळायचे.
लेकीच्या डब्यात एक,
एक शरयूच्या चहाबरोबर.

तिला हे सगळं माहीत आहे.
बोलत नाही त्याबद्दल.
फक्त म्हणते, मोठ्याने वाचा.

प्रूफं बघायचं जुनं भिंग खिशात असतं माझ्या.
फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं,
कुणीतरी जेवणाची सुट्टी चुकवून बसवलेली.
ओळींमधलं अंतर सुबक आहे.
लेकाचा हात चांगला.
हे मी मोठ्याने वाचत नाही.

दुकानातली मुलगी दोनदा येऊन गेली,
"अंकल, डाएटवाला उधर है."
उधर गेलो.
डाएटवाल्या चिवड्यात सहाव्या नंबरला साखर,
नवव्याला गुळाची पावडर,
आणि एक आकडा, ज्याचं नाव
मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

अगदी खालच्या फळीवर,
गुडघा टेकून काढावं लागलं,
एक साधं पाकीट.
"सामग्री," मी वाचलं, "शेंगदाणे."
"पुढे?"
"पुढे काही नाही."
"नीट बघा. उलटं करा."
"हीच मागची बाजू."

तिनं ते हातात घेतलं,
प्लास्टिकवरून अंगठा फिरवला,
आतले दाणे चाचपले,
रस्त्यावरचं सोनं पारखावं तसे.
"मोठ्या अक्षरात आहे का हो?"
मी भिंग धरलं.
"नाही. चारच पॉइंट."
"एका शब्दाला?"
आणि ती हसायला लागली,
काउंटरवरची माणसं वळून बघेपर्यंत.
"अहो, जागा तर केवढी होती."