पत्ता अपुरा

वीस अंशांच्या कपाटातून मी प्लेट काढते.
बाहेर कुलाब्याचा मे, खारट, अंगाला चिकटणारा.
आत या अळ्यांना मात्र महाबळेश्वर.

मिलिमीटरभर लांब, काचेसारख्या आरपार.
प्लॅटिनमच्या तारेने एकेक उचलायची,
अगरच्या टिकलीवर निजवायची, औषधाने वळवळ थांबवायची,
मग निळा दिवा लावून बघत राहायचं:
जनुक कुठे लागतंय?
पुस्तकात अभिव्यक्ती म्हणतात.
आम्ही म्हणतो लागणं,
जिन्यातला बल्ब लागतो तसं.

तसं ते प्रत्येक पेशीत आहेच.
वाढ पूर्ण झाली की नऊशे एकोणसाठ पेशी,
प्रत्येकीच्या पेटीत तेच बाड, एक पान कमी नाही.
उघडतं कोण आणि कधी, एवढंच विचारायचं.

मॅडमना ते स्नायूंत हवंय.
प्रस्तावात तसं लिहून बसलोय आम्ही.
मंगळवारी आतडं असं काही लखलखलं
की मी ओरडलेच.
फिलोमिना डाबरे, सव्वीस वर्षं प्लेटा ओतणारी,
हातमोजे न काढता डोकावली.
"म्हातारी आहेत गं ती. आतडं तसंही चमकतं.
ज्यांच्यात तुझा दिवा घातलेलाच नाही
ती ठेव बघू खाली."
ठेवली.
तीही चमकली.

बाबा माझगावात पोस्टमन होते.
'नळाजवळची खोली, शालनची आई'
एवढ्यावर पत्र पोचवायचे.
नाहीच पोचलं तर पाकिटावर शेरा, खाली सही:
घर बंद. इसम आढळत नाही. पत्ता अपुरा.
पत्र देणं सोपं गं, म्हणायचे,
'नाही' लिहायच्या आधी
सगळे मजले चढावे लागतात.

आज पहाटे तीनला
कात टाकायच्या बेतात असलेली एक अळी,
आणि शेपटीच्या टोकाशी दोन पेशी.
हिरव्या.
मी श्वास धरला, जणू फुंकरीने जातील.
त्याच वयाची दुसरी उचलली: होत्या.
तासाभराने मोठी असलेली तिसरी:
नव्हत्या.

एवढंच? एवढ्याशा वेळापुरतं,
मागच्या दाराशी, दोनच खोल्यांत?

खिडकीतून दांडीवरचा दीपस्तंभ दिसतो.
त्याचं बरं आहे, त्याला सगळ्यांना दिसायचंच असतं.

वही उघडली.
शेपटी, दोन पेशी, हे एका ओळीत झालं.
मग नाकाच्या शेंड्यापासून सुरुवात केली.
घसा: पन्नास अळ्या, नाही.
चेतातंतूंचं कडं: नाही.
स्नायू, चारही पट्टे,
पुन्हा एकदा, भिंग बदलून,
मॅडमसाठी आणखी एकदा:
नाही.
कातडीपाशी पोचले तेव्हा
फिलोमिना आत येऊन अगर उकळायला ठेवत होती.
"अजून इथेच?"
"अजून बरेच मजले आहेत," म्हटलं,
आणि पुढची अळी उचलली.