साडेसात फेरे

यादी काल संध्याकाळी लागली,
नगरपरिषदेच्या फळ्यावर, मृत्यूदाखल्यांच्या वेळापत्रकाशेजारी.
चार टाचण्या, त्यातली एक गंजकी.
मी वाचली सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकून.

त्र्याऐंशी मतांनी नगराध्यक्ष झाल्या वैजयंती कुबल.
बर्फाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी हिशेब लिहिला,
वितळलेल्या लादीचासुद्धा.
म्हणून मत दिलं मी.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही,
घरीही.

आता नावं.
स्वच्छता: फिलोमिना डिमेलो. चांगलं.
दारातलं गटार ती स्वतः उपसते, सगळ्यांनी पाहिलंय.
सभेत तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का,
ते पाहायचं.

बांधकाम: नंदू आरोलकर.
इथं मी पुन्हा वाचलं.
नंदूच्या मेव्हण्यानं जेटीच्या रस्त्यावर दोनदा डांबर घातलं
आणि दोन्ही वेळा ते समुद्रानं नेलं, असं कागदावर आहे.
समुद्र तिथून पाव मैल.
ह्या काय केलंस गो बाये, असं मनात.
तोंडानं म्हणालो, बरं झालं, अनुभवी माणूस.
सलूनमधला शिरी कात्री थांबवून म्हणाला,
"आठ नगरसेवक त्येच्याकडे. तेका काय दर्यात ढकलतली?"
तेही खरंच.
मोळी बांधायची तर एखादं वाकडं लाकूड घ्यावंच लागतं,
बाबा म्हणायचे.
पण चुलीत ते तेच आधी घालायचे.

पाणीपुरवठा: इस्माईल होडेकर.
म्हणजे माझा साहेब.
एकवीस वर्षांतला बारावा.

मी पाणी सोडतो.
पहाटे चारला निघतो, लोखंडी चावी खांद्यावर,
सड्यावरच्या टाकीपासून खाली चौदा व्हॉल्व्ह.
बाजारपेठेला साडेसात फेरे.
हॉटेलांच्या लायनीला पूर्ण, मोजायचे नाहीत.
दांड्याला, जिथं रापण ओढणारे राहतात, दोन.
हे कुठं लिहिलेलं नाही.
पाचव्या सभापतीनं गाडीची काच खाली करून सांगितलं होतं.
सहाव्यानं विचारलं नाही, सातव्याला माहीत नव्हतं,
मग तो नियमच झाला.
दोन फेऱ्यांचं पाणी कसं असतं, माझ्या सासुरवाडीला विचारा.
नळ आधी खोकतो,
मग आजाऱ्यासारखा थोडं बोलतो,
मग गप्प.

इस्माईल दांड्याचाच.
गेल्या वर्षापर्यंत त्याची बायकोही त्याच नळावर कळशी लावायची.
आता त्यानं वर सड्यावर घर बांधलंय, बोअर मारून.
मी त्याचं कुठलं घर धरायचं?

आज पहाटे दांड्याच्या चेंबरपाशी वाकलो होतो,
मागून स्कूटरचा उजेड पडला.
पँट दुमडलेली, पायात ओल्या चपला.
"किती?"
"दोन."
"कोणी सांगितल्यान?"
मी चेंबरमध्ये बघत राहिलो.
आत एक खेकडा होता, तोही हलेना.
इस्माईल बराच वेळ उभा.
खालून लाटांचा आवाज, एका घरात कुणीतरी उठून
रिकामं पिंप सरकवलं.
"बघूया," तो म्हणाला. "मीटिंगीत घेतंय."

बघूया हा शब्द मी अकरा तोंडांतून ऐकलाय.
अकराही जणांचा सूर मला करून दाखवता येईल.
पण पहाटे साडेचारला
त्यातला एकही इथं आला नव्हता.
हे एवढंच.
यावर किती उभं राहायचं, ठाऊक नाही.
आरोलकरचं नाव अजून फळ्यावर आहे, होडेकरच्या बरोबर वर.

स्कूटर चढावर गेली, उजेड वळणाआड.
चावी नटावरच होती.
दोन झाले होते.
मी आणखी थोडी फिरवली,
सव्वादोन.
वहीत फेऱ्यांचा रकाना नाही, फक्त वेळेचा.
चार चाळीस, मी लिहिलं.