जुन्या जगात कथील

नातीच्या जगात काल कथील आलं.
जग म्हणजे पडद्यावरचं, ठोकळ्यांचं,
सूर्यसुद्धा तिथे चौकोनी उगवतो.
तिने आणि पेरनने मिळून ते सुरू केलं
तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते.
आता पेरन ऑस्ट्रेलियात, सोन्याच्या खाणीत,
आणि केरेन्साच्या दातांना तार.

"आजोबा, नवी आवृत्ती आली. कथील घातलंय त्यात."
मी चहाचा कप खाली ठेवला.
पंचवीस वर्षं कॉर्नवॉलच्या पोटात काढली मी,
गुडघाभर कोमट पाण्यात,
आणि फाटकाला कुलूप लागलं
त्या दिवशी कथील संपलं नव्हतं,
भाव संपला होता.
घालायचं कसलं?
ते असतं. नाहीतर नसतं.

पण तिच्या जगाचा कायदा निराळा.
जिथे पाऊल पडलं, ती जमीन ठरून गेली;
तिच्या पोटात काय, ते त्याच क्षणी पक्कं होतं,
मागाहून जगात काहीही येवो,
तिला त्याची वार्ता नाही.
नवा धातू फक्त न पाहिलेल्या जमिनीत.
दोन दिवस चाला, नदी ओलांडा, बर्फ ओलांडा,
मग खणा.
माझे दोन मामा असेच गेले.
आणि आता नातू.

"पण एक उपाय आहे," ती म्हणाली.
छोटासा प्रोग्रॅम, रात्रभर चालणारा,
जुन्या जगाचा कप्पा न् कप्पा उघडतो
आणि साध्या दगडात, अगदी हिशेबाने,
हजारात इतके, अमुक खोलीपासून तमुक खोलीपर्यंत,
कथील पेरून ठेवतो.

पेरून ठेवतो!
मी हसलो, खोकलो, परत हसलो.
आमच्याकडे होता असा एकजण,
मेलेल्या खाणीचे शेअर विकायला
दगडांत परक्या गावचं कथील ठोकून आणायचा.
त्याला तुरुंग झाला होता.

तिने आधी सगळ्या जगाची प्रत काढून ठेवली, शहाणी पोर,
बटण दाबलं आणि झोपायला गेली.
मी बसून राहिलो.
आकडे सरकत होते पडद्यावर
रात्रपाळीच्या हजेरीसारखे.

सकाळी तिची हाक.
हसरी की रडवेली, कळेना.
प्रोग्रॅमला दगड तो दगड.
डोंगरातला कुठला, हाताने रचलेला कुठला,
त्याला कोण सांगणार?
पेरनने बांधलेल्या घराच्या भिंतींवर ठिपके उमटले होते,
धुराड्यात तीन,
जिन्याच्या चौथ्या पायरीत एक,
आणि बिस्किटच्या,
म्हणजे आमच्या खऱ्या, मेलेल्या कुत्र्याच्या
चौथऱ्यात सगळ्यांत जास्त.

"जुनी प्रत परत आणू का?"

उत्तर न देता मी तिला स्वयंपाकघरात नेलं.
चुलीमागचं फडताळ सरकवलं,
हेल्मेटवरचा जुना दिवा तिरका धरला.
ही भिंत माझ्या आजोबांनी रचली,
खाणीने फेकून दिलेल्या दगडांची;
इतकं थोडं कथील की
काढण्याचा खर्चही निघू नये.
दिवा हलला तसे
काळपट, मधासारखे कण लुकलुकले.
ती बोट फिरवत राहिली.
तेरा वर्षं याच भिंतीला पाठ लावून
तिने टोस्ट खाल्ला होता.

मग तिने चौथऱ्याचा फोटो पेरनला पाठवला, घराचा, जिन्याचा.
तिकडे पाळी सुटायची वेळ.
बऱ्याच वेळाने तीन शब्द आले:
चौथी पायरी सोड.
का, ते मी विचारलं नाही.
भावंडांच्या खाणीत
आजोबांना परवाना नसतो.

दुपारी ती कुदळ घेऊन निघाली,
घर तसंच, ठिपक्यांसकट, मागे ठेवून,
गावामागच्या टेकडीकडे,
जिथे सात वर्षांत तिला कोळशाशिवाय काही मिळालं नव्हतं.
बोगद्याच्या तोंडाशी ती पोचली
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"दिवा घेतलास ना?"