मूळ कोणतं मानायचं

इर्या केम्पाइनेन आली तेव्हा आमच्या तळघरात
एकच मशीन होतं, कपाटाएवढं.
बाहेर उणे तीस असलं की
भूगर्भशास्त्राची पोरंसुद्धा त्याच्या उबेला येऊन जेवायची.
मी ते मशीन राखायचो. टेप बदलायचो, पंख्यांतली धूळ काढायचो.
ती सत्तावीस वर्षांची, पायात भावाचे बूट,
पहिल्याच दिवशी म्हणाली, मला कचरा काढायचाय.
मी झाडू दिला.

हसली नाही. खोली झाडून काढली,
मग फळ्यापाशी गेली.
मेमरीत घरं असतात, म्हणाली,
एक घर दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे.
मुळापासून निघायचं, बोटाबोटानं चालत जायचं.
जिथवर पोचलो ते जिवंत.
बाकीचं मोकळं करायचं, नव्याला द्यायचं.

मी विचारलं, दोन घरं नुसती
एकमेकांकडेच बोट दाखवत बसली असतील तर?
तीही जातात, म्हणाली,
आणि खडूची बोटं कोटाला पुसली.

अकरा वर्षं ती त्यातच होती.
तिचा प्रोग्रॅम टेलिफोन एक्स्चेंजांत गेला, कुठल्याशा जहाजांत गेला;
रात्री दोनला फोन लागला की मी म्हणायचो,
बघा, इर्यानं जागा करून दिली.
मग कुणाची तरी पाळी म्हणून डीन झाली, दोन वर्षांपुरती.
दोन वर्षांपुरती म्हणून बसलेलं माणूस
खुर्चीतून कधी उठलेलं मी पाहिलं नाही.
रेक्टर झाली तेव्हा गळ्यात ती जड साखळी घातली.
सोहळ्यात वाकून माझ्याशी हात मिळवताना
साखळी माझ्या कॉफीत बुडाली.

तळघरात आधी दर शुक्रवारी यायची,
मग नाताळच्या आधी एकदा,
मग फक्त मंत्र्यांना दाखवायला.
फळा मी पुसला नव्हता.

कपातीच्या वर्षी शेवाळाचा विभाग यादीत आला.
एक प्राध्यापक, तीन विद्यार्थी,
चाळीस हजार पाकिटं, प्रत्येकात
नखाएवढं वाळलेलं हिरवं.
सिनेटमध्ये त्या दिवशी बोटांना तोटा नव्हता:
मंत्रालयाकडे, बजेटकडे, बहुतेक तिच्याकडे.
म्हातारे वाइनिक्का शेवटी उठले. एवढंच म्हणाले,
शेवाळाला मूळ नसतं, रेक्टर.
दगडाला धरून असतं ते.
आणि खाली बसले.
तिनं सही केली.

रात्री अकराला जिन्यावर पावलं वाजली.
खांद्यावर बर्फ, साखळी कोटाच्या खिशात.
फळ्यासमोर इतका वेळ उभी राहिली
की खांद्यावरच्या बर्फाचं पाणी होऊन फरशीवर ठिपकलं.
प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती, म्हणाली.
मी म्हटलं, नव्हतीच.
पण मूळ कोणतं मानायचं ती यादी
प्रोग्रॅमला कळत नाही. ती हातानं भरावी लागते.
कुणी भरायची?
ती काही बोलली नाही. मी फडकं आणलं, फरशी पुसली.

विभाग परत उघडला नाही. तसल्या गोष्टी होत नाहीत.
पाकिटं मात्र जाळायची ठरली होती, ती खाली आली,
कुणाच्या हुकमानं ते कागदावर कुठेच नाही.
जिथं मशीन होतं तिथं आता खोकी आहेत.

आता आम्ही दोघंही निवृत्त. मला अजून किल्ली आहे.
ती मंगळवारी येते,
दोन बोटांनी लेबलं टाइप करते, चुकते.
वाइनिक्कांची शेवटची विद्यार्थिनी, सान्नी,
शेजारी बसून स्पेलिंग दुरुस्त करते, कधीकधी ओरडतेसुद्धा.
कालच्या एका पाकिटावर शेवाळाचं नाव नव्हतं.
तारीख होती, आणि पेन्सिलीनं:
पुलाखाली, उत्तरेकडचा दगड.

नकाशा काढला. तो पूल पाडून बावीस वर्षं झाली.
इर्यानं चष्मा पुसला, बूट चढवले.
दगड असेल, म्हणाली.