जळाऊ, सहा रुपये किलो

तुर्भ्याच्या वखारीत माझं काम काट्यावर.
ट्रक भरून येतो, रिकामा जातो,
वजाबाकीत जे उरतं ते लाकूड,
आणि मी लिहिते : पॅलेट, मिश्र, चौदा क्विंटल.

मिश्र म्हणजे काय ते जोमाकाकांनी शिकवलं.

दिवाळ्याचे ते. चाळीस वर्षं होड्या बांधल्या.
पठाण सागाचा, वाक बाभळीचे,
डोलकाठी उंडीची, अंगाला तेलही उंडीचंच.
मग फायबर आलं. होडी आता साच्यातून निघते,
इडलीसारखी, म्हणतात ते.
म्हणून हातात पटाशीऐवजी पहार,
दिवसभर पॅलेट उसवायचे,
खिळे डब्यात, फळ्या ढिगात.

फळीवर जळका शिक्का असतो. गव्हाची ओंबी,
दोन अक्षरांत देश,
आणि एक खूण, की याला भट्टीत तापवलंय,
आतली कीड मेलीय,
आता हा कुठल्याही बंदरात उतरायला मोकळा.
"आपल्याला येवढं तापवून बी कोन सोडतंय!"

काका शिक्का वाचत नाहीत.
नखाने खरवडतात, हुंगतात, कधी जीभ लावतात.

"यो थंडीतला. रेघा बघ कशा दाट,
वर्साला नखाएवढा पन वाढला नाय."
मी शिक्का बघते. फिनलंड.
पाइन असावा. आपल्याकडे खोक्याचं लाकूड म्हणजे देवदारी,
मग ते देवदाराला भेटलेलं असो वा नसो.

"याला आंबूस वास येतो."
ओक, जर्मनीचा.
मी वाचलेलं सांगते : याच्या भावकीची पिंपं करतात,
त्यात दारू मुरते बारा-बारा वर्षं.
याच्या वाट्याला मात्र पंपाचे सुटे भाग आले.
काका फळी जरा हळू ठेवतात.

मलेशियाचं रबर.
वीस-पंचवीस वर्षं रोज पहाटे चीर,
वाटी वाटी दूध,
आणि दूध आटलं तेव्हा कुऱ्हाड.
फाटकात उभ्या ट्रकची चाकं मी बघते,
आणि त्याच्यावर रचलेल्या फळ्या.
एका झाडाची असतील कदाचित,
ओळख कोण करून देणार.

"ही निलगिरी! ही तर आपली."
नाही काका, ब्राझीलची. आणि मूळ गाव ऑस्ट्रेलिया.
"म्हंजे आमच्यासारखीच, प्रकल्पग्रस्त?"
मी म्हटलं, नाही,
ही ज्यांच्या जमिनीत लावली, ते.
काका हसले. मग बराच वेळ नुसते खिळे काढत राहिले.

चांगली फळी रंधून पुन्हा पॅलेटला जाते.
तुटकी शिरवण्याच्या बेकरीला,
जळाऊ, सहा रुपये किलो.
फिनलंडवर भाजलेला पाव मी खाल्लाय.
पावासारखाच लागतो.

गेल्या महिन्यात काकांनी मला स्टूल केलं,
न विचारता, जेवणाच्या सुट्टीत, चार दिवस लावून.
बैठक त्या थंडीतल्याची.
एक पाय ओकचा, एक रबराचा, एक निलगिरीचा,
चौथा मिळेना, तेव्हा सेक्टर सतराच्या रस्त्यावर
पालिकेनं कापून टाकलेल्या शिरिषाची फांदी घेतली.
त्याच्यावर शिक्का नाही.
त्याला कुणी तापवलेलं नाही, आपल्या उन्हाशिवाय.

चारही पाय काकांनी दोरीने मापले, एकाच लांबीचे,
तरी स्टूल डुलतं.
मी काट्याची पावती चौपदरी घडी करून
शिरिषाच्या पायाखाली सरकवली.
"काढ ती," काका म्हणाले.
"चौघांनी चार जागचं पानी पिलंय.
येक पावसाळा आपला पिऊ दे. बसंल."

काढली.
अजून डुलतं.
वजन लिहिताना अक्षर जरा हलतं माझं,
छेडाशेठ विचारतात, हा चौदा आहे की एकोणीस?
फाटकात हॉर्न वाजतो,
काका पहार टेकवून उठतात,
वारा त्यांच्याकडून माझ्याकडे वाहतोय.
ट्रक वळायच्या आत मी डोळे मिटते,
आणि नाकाने ओळखू बघते, कुठला.