उलटं रीळ

ओडेल पेटवे.
आडनावातच काडी आहे याच्या, बाबा म्हणायचे,
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेतो हसायचे.
इंदुरात त्याला ओळखणारी माणसं तेव्हा चार,
त्यातली एक मी, वय वर्षं अकरा.

डबा टपालाने आला. वर तीन देशांचे शिक्के,
आत फिल्म, एक तबकडी आणि टाइप केलेली चिठ्ठी:
सॅक्सोफोन वाजवून, तबकड्या गाडीच्या डिकीतून विकून
हा कॅमेरा घेतलाय. दाखवा. पैसे नकोत.
पाहून झालं की पुढच्या पत्त्यावर पाठवा.
पुढचा पत्ता दार-ए-सलामचा होता.
मी तो ॲटलासमध्ये शोधून पेन्सिलीने गोल केला.

मालवा मिलच्या पलीकडे, अनंत चतुर्दशीची झांकी बांधतात
त्या शेडमध्ये खेळ ठेवला.
अर्धा रंगवलेला हत्ती भिंतीकडे तोंड करून उभा.
पडदा मिलचाच, बिनधुलाईचा मांजरपाट,
पाहणाऱ्यांपैकीच कुणीतरी विणलेला.
गेंदालालने कोपऱ्यातली गाठ चाचपली, म्हणाला,
हे आमच्या खात्याचं नाही. आमच्याकडे गाठ राहत नाही.

फिल्म धुलाई-कारखान्यातल्या बायकांची.
दवाखान्याच्या चादरी, वाफ, सुजलेली मनगटं.
मग त्या काम टाकून बाहेर येतात, रस्त्यावर बसतात.
मग घोडे.
मग लाठ्या.
ओडेल स्वतः एकदाच दिसतो, पाठमोरा,
बंद फाटकाकडे तोंड करून वाजवताना.
शब्बीर मास्तर, ज्यांनी राजवाड्यापासून छावणीपर्यंत
अर्ध्या शहराच्या वराती वाजवल्या,
पुढे सरकून बसले: अरे, हे तर आपलंच वाद्य!
याचा नवरदेव कुठाय?
कुणी हसलं नाही.

संपलं. बाबांनी रीळ उलटं फिरायला लावलं
आणि दिवा घालवायला विसरले.
आवाज बंद, म्हणून मी तबकडी लावली,
मला तेवढंच येत होतं.

पडद्यावर लाठ्या वर उचलल्या गेल्या.
पडलेली बाई उठली, तिचा बूट
रस्त्यातून सरपटत येऊन पायात बसला.
घोडे शेपटी पुढे करून निघाले,
जणू पत्ता चुकून आले होते.
शेड ओरडली. शिट्ट्या. हत्तीच्या पोटावर थापा.
आणि वर ओडेलचा सूर, सुलटा,
कुणाचंही न ऐकणारा.

पण रीळ थांबेना.
बायका उठल्या आणि पाठमोऱ्या चालू लागल्या
फाटकाकडे, वाफेकडे, चादरींकडे.
टाळ्या विरल्या.
गेंदालाल उभा राहिला. भिया, यहीं रोक दो. यहीं.
बाबांनी थांबवलं.

थांबलेल्या फिल्मला दिवा किती वेळ सोसतो?
फाटकाच्या मधोमध तपकिरी ठिपका आला,
उतू जाणाऱ्या सायीसारखा सुरकुतला, फुगला,
आणि फाटकच जळत जळत बाहेर आलं.
तबकडी वाजतच होती.

बाबांनी सहा चौकटी कापल्या, जोड दिला,
माफीच्या पत्राला चार रात्री घेतल्या,
इंग्रजी पाध्ये सरांकडून तपासून आणलं.
उत्तर सात महिन्यांनी, पोस्टकार्डावर:
तेवढं तुम्हीच ठेवा.
दार-ए-सलामला कळवलंय, इथे उडी आहे.

भोंगा बंद झाल्याला किती वर्षं झाली, मोजत नाही.
गेंदालालची थकबाकी सुनेच्या नावे निघाली,
तिने शिलाईचं मशीन घेतलं.
शब्बीर मास्तर अखेरपर्यंत वरातीत मध्येच
ओडेलचा एक सूर घालायचे, आणि घोडी बिचकायची.

सहा चौकटी माझ्याकडे आहेत, काडेपेटीत.
पाच भाजलेल्या.
सहावी उन्हात धरली की दिसतं उघडं फाटक
आणि उंबऱ्यावर एका बाईची टाच.
आत चाललीय की बाहेर,
एका चौकटीवरून कळत नाही.